उत्तराचा रकाना

आमच्या चर्चच्या मंडळीत मला भोंगा म्हणतात. हे नाव मला आठव्या वर्षी पडलं आणि मी ते कष्टाने कमावलं होतं. आवाज मोठा आणि तोंडात तीळ भिजत नाही, असे दोन्ही गुण एकाच मुलीत उतरले की तिच्या आईने काय करावं? माझ्या आईने एकच केलं. तिने मला काही सांगणंच बंद केलं.

ही गोष्ट मी एकोणीस वर्षांची असतानाची आहे. इतकी वर्षं मी ती पोटात ठेवली, यावर आमच्या मंडळीतलं कुणी विश्वास ठेवणार नाही. आता सांगते, कारण जिची ती गोष्ट आहे तिनेच मागच्या वर्षी निरोप पाठवला, की आता सांगितलीस तरी चालेल.

त्या वर्षी आमच्या तरुण संघाची सेवायात्रा परदेशात निघाली. चौदा मुलंमुली, आमच्या चर्चचे पाळककाका आणि आठ दिवस. समुद्रापलीकडच्या एका गावात मुलांचं वसतिगृह होतं. त्याचं जेवणघर रंगवायचं, मुलांशी खेळायचं आणि शेवटच्या रविवारी सगळ्या गावासमोर उपासना घ्यायची, असा बेत होता. आम्ही एकसारखे टी-शर्ट छापून घेतले. मंडळीने आम्हाला पुढे उभं करून डोक्यावर हात ठेवले, म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. आम्ही जगाचा उद्धार करायला निघालो होतो आणि आमच्यापैकी एकानेही स्वतःच्या घराची भिंत कधी रंगवलेली नव्हती.

सामानात सगळ्यात जपून नेली ती प्रार्थनेची वही. आमच्याकडे अशी वही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. एक भरली की दुसरी. तीन रकाने आखायचे: नाव, विषय आणि उत्तर. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची नोकरी, जो कुणाचा विषय असेल तो लिहायचा, सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची, आणि देवाने ऐकलं की तिसऱ्या रकान्यात तारीख घालायची.

आमच्या घरचाही एक विषय मंडळीच्या मोठ्या वहीत होता. माझे वडील प्यायचे. मी आठ वर्षांची असताना आईने एका दुपारी पाळककाकूंच्या स्वयंपाकघरात बसून हे त्यांना एकटीला सांगितलं. काकू मनाने फार चांगल्या. त्यांनी बुधवारच्या महिला सभेत तो विषय मांडला आणि चाळीस बायकांनी डोळ्यांत पाणी आणून माझ्या वडिलांसाठी प्रार्थना केली. शनिवारी सायकलच्या दुकानात कुणीतरी वडिलांना म्हणालं, "काय हो, तुमच्या बाटलीसाठी चाळीस बायका रडल्या म्हणे." वडील त्यानंतर मंडळीत कधी आले नाहीत. दोन महिन्यांनी त्यांनी दुसऱ्या शहरात नोकरी धरली, आणि हळूहळू घरी येणंही थांबलं.

मला त्यात मंडळीचं काही चुकलं असं कधी वाटलं नाही. एवढी माणसं आपल्यासाठी प्रार्थना करतात आणि हा माणूस रुसून जातो, असंच मी समजून चालले. आईचाही मला राग यायचा. बुधवारी ती जायची नाही. कुणी घरी येऊन विचारलं, "तुमचा काही विषय?" तर ती हसून म्हणायची, "आमचा काही विषय नाही." मला वाटायचं, ही गर्विष्ठ आहे. तिची भरपाई म्हणून मी दुप्पट जोराने प्रार्थना करायची.

तर आम्ही पोचलो. वसतिगृहाचा स्वतःचा रंगारी होता, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. आम्ही येणार म्हणून त्याला आठवडाभर हातावर हात ठेवून बसायला लावलं होतं. तो दाराशी स्टुलावर बसून आमच्याकडे बघायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर 'भीक नको पण कुत्रा आवर' हे वाक्य कुठल्याही भाषेत वाचता आलं असतं. आधी भिंत घासायची, मग भेगांत लांबी भरायची, मग पॉलिश पेपर मारायचा, मग कुठे रंग. मी पहिल्याच दिवशी जुन्या पोपड्यांवरून सरळ ब्रश फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वाट्याची भिंत पापडासारखी सुटून आली. रंगारी स्टुलावरून उठला, माझ्या हातातला ब्रश हळूच काढून घेतला आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

तिथे स्वयंपाकीणबाई होत्या. पन्नाशीच्या, रुंद खांद्यांच्या, कानामागे पेन्सिल खोचलेली. साठ मुलांचं तीन वेळचं खाणं त्या एका मदतनिसाच्या जोरावर काढायच्या. त्यांनी मला एक बुटका बाक दिला, सुरी दिली आणि टबभर बटाटे पुढ्यात सरकवले. मी एक सोलला. त्यांनी माझी साल उचलून खिडकीकडे धरली, मग स्वतःची धरली. त्यांच्या सालीतून उजेड दिसत होता, माझ्या सालीला अर्धा बटाटा चिकटला होता. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तरी मला कळलं नसतं.

आमच्यात बोलणं व्हायचं ते मास्तरीणबाईंमुळे. त्या तिथल्या शाळेत शिकवायच्या, पण लहानपणीची बारा वर्षं त्यांनी आमच्या भाषेच्या मुलखात काढली होती. त्यांचं मराठी अजून बारा वर्षांच्या मुलीचं होतं, स्पष्ट आणि फटकळ. आमच्या दुभाष्या त्याच. दुपारी शाळा सुटली की त्या स्वयंपाकघरात चहाला यायच्या आणि आम्हा दोघींच्या मधे बसायच्या.

जेवणाच्या वेळी मुलं स्वयंपाकीणबाईंना एक प्रश्न रोज विचारायची. मी मास्तरीणबाईंना त्याचा अर्थ विचारला. "विचारतात, आज जहाज कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "हिचा मुलगा जहाजावर आहे. ती रोज एका बंदराचं नाव सांगते, मग मुलं ते नकाशात शोधतात." खरंच, जेवणघराच्या एका कोपऱ्यात नकाशा होता आणि त्यावर बोटांच्या डागांची एक लांब वाट उमटली होती.

चौथ्या दिवशी दुपारी मी बटाटे सोलता सोलता सहज म्हटलं, "तुमच्या मुलाचा फोटो दाखवा ना." मास्तरीणबाईंनी सांगितलं. स्वयंपाकीणबाईंनी सुरी खाली ठेवली, दार लोटून घेतलं, आणि मिठाच्या बरण्यांमागून एक डबा काढला. फोटोतल्या मुलाचे खांदे आईसारखेच रुंद होते. मग त्या बोलायला लागल्या. मास्तरीणबाई मधेच थांबल्या, त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली, तेव्हा मास्तरीणबाई माझ्याकडे वळल्या.

"ती म्हणते, तो जहाजावर नाही. तुरुंगात आहे. मित्रांबरोबर एक गोदाम फोडलं. सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यातली दोन झाली. महिन्यातून एकदा बहिणीकडे जाते म्हणून सांगते आणि त्याला भेटून येते. इथे नियम आहे, मुलांच्या घरात राहणाऱ्या कुणाच्या कुटुंबात असलं काही नको. कामाला लागताना तिने विश्वस्तांना जहाज सांगितलं. मागची खोली हेच तिचं घर. मला माहीत आहे आणि आता तुला."

"मला का सांगितलं?" मी विचारलं.

मास्तरीणबाईंनी विचारून घेतलं. "म्हणते, दोन वर्षं कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. मी पडले शेजारीण, माझ्यासमोर तिला रोज उभं राहायचंय. तू चार दिवसांनी जाणार. म्हणून तुला."

मी स्वयंपाकीणबाईंचा हात धरला आणि रडले. अगदी मनापासून रडले. आणि संध्याकाळी सगळे बसले असताना वही माझ्याकडे आली, तेव्हा त्याच मनापासून मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. पहिल्या रकान्यात: स्वयंपाकीणबाई. दुसऱ्या रकान्यात: तुरुंगातल्या मुलाची सुटका. तिसरा रकाना मोकळा. मला वाटलं, मी तिच्यासाठी यापेक्षा मोठं काय करणार? कुणी आपल्याला दुःख सांगितलं की ते वहीत जातं, हे मी जन्मापासून बघत आले होते. ते आणखी कुठे ठेवता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

रविवार आला. जेवणघर रंगून झालं होतं. माझी भिंत रंगाऱ्याने गुपचूप पुन्हा केली होती. साठ मुलं, गावातली माणसं, पहिल्या रांगेत विश्वस्त. पाळककाकांनी मोबाइल एका स्टँडवर लावून चित्रण सुरू केलं होतं. गाणी झाली, आणि काका म्हणाले, "आता वहीतल्या विषयांसाठी प्रार्थना. भोंग्या, तूच घे."

मी उभी राहिले. शेजारी मास्तरीणबाई. मी एक वाक्य म्हणायचं, मग त्यांनी त्यांच्या भाषेत म्हणायचं. मुलांसाठी, शाळेसाठी, विहिरीच्या पंपासाठी प्रार्थना केली. माझा आवाज चढत गेला, तो चढला की मला उतरवता येत नाही. स्वयंपाकघराच्या दारात स्वयंपाकीणबाई एप्रनला हात पुसत उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे हात केला आणि म्हटलं, "आणि हे प्रभू, आम्हाला रोज जेवू घालणाऱ्या या माउलीचा मुलगा तुरुंगात आहे, त्याची बेडी तोड."

मास्तरीणबाई गप्प झाल्या.

मी समोर पाहिलं. साठ मुलं आणि सगळे विश्वस्त माझ्या हाताच्या दिशेने बघत होते, आणि स्वयंपाकीणबाईंनी दाराची चौकट धरली होती. त्यांना माझा एक शब्दही कळला नव्हता. पण मी त्यांच्याकडे हात केला होता आणि मास्तरीणबाईंची जीभ अडली होती, तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं. त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. अकरा वर्षांपूर्वी एका शनिवारी सायकल हातात धरून घरी आलेल्या माणसाचा तसाच होता. तो वडिलांचा चेहरा मी तोपर्यंत विसरून गेले होते.

मग मास्तरीणबाई बोलल्या. सावकाश, चार-पाच वाक्यं. मुलांनी एकदम मोठ्याने "आमेन" म्हटलं. विश्वस्तांनीही म्हटलं. स्वयंपाकीणबाईंनी चौकट सोडली आणि आत गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच माझी प्रार्थना अर्धी राहिली, ती काकांनी पुरी केली.

उपासना संपल्यावर मास्तरीणबाईंनी मला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं.

"काय सांगितलंत तुम्ही त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं, हिचा मुलगा दूर समुद्रावर आहे, त्याला सुखरूप बंदरावर आण. आणि उशीर झाला तर तोवर त्याच्या आईला धीर दे."

माझ्या मूर्खपणाची कमाल अशी, की मी म्हटलं, "प्रार्थनेत खोटं बोललात?"

त्या म्हणाल्या, "मी देवाशी कुठे बोलले? मी लोकांशी बोलले. देवाशी तू बोललीस, ते त्याला पोचलं. त्याला तुझी भाषा येते ना? मग बाकीच्यांना ऐकवायची काय गरज होती?"

मी म्हटलं, "मला त्यांची माफी मागायची आहे. तुम्ही सांगाल?"

"नाही," त्या म्हणाल्या. "माझी जीभ आजच्यापुरती दमली. तुझं तू बघ."

मी स्वयंपाकघरात गेले. स्वयंपाकीणबाई दुपारच्या जेवणाचे बटाटे घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. मी माझा बुटका बाक ओढला आणि सोलायला बसले. एक अख्खा टब आम्ही दोघींनी संपवला. मला त्यांच्या भाषेत 'बटाटा' आणि 'मीठ' एवढेच शब्द येत होते, त्यांत माफी कशी बसवणार? शेवटी त्यांनी माझा एक बटाटा उचलला. त्यात दोन डोळे राहून गेले होते. त्यांनी ते सुरीच्या टोकाने काढले आणि बटाटा पाण्यात टाकला. त्यांनी मला क्षमा केली, असं मी म्हणणार नाही. त्यांनी मला हाकललं नाही, एवढंच मला माहीत आहे.

पण गोष्ट तिथे संपत नव्हती. घरी गेल्यावर अहवाल तयार करायची काकांची पद्धत होती. वहीतले विषय टाइप करून, भाषांतर करवून, चित्रणासकट तिकडच्या विश्वस्तांना पाठवायचे, म्हणजे वर्षभर दोन्हीकडे प्रार्थना चालू राहते. मास्तरीणबाईंनी वाचवलेलं सगळं आम्हीच छापून पाठवणार होतो.

मी काकांना गाठलं. ते जेवणघरात स्टँड आवरत होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "ते पान मला द्या, आणि ते चित्रण पुसा."

काका भले माणूस. ते खरोखरच गोंधळले. "अगं, पण लेकरा, आपण वाईट काय केलं? तिच्यासाठी प्रार्थनाच केली ना?"

"काका," मी म्हटलं, "माझ्या वडिलांच्या ओळीपुढे अकरा वर्षं तारीख पडली नाही. का पडली नाही, ते मला आज कळलं."

मी हे हळू आवाजात बोलले. बहुधा त्यामुळेच ते दचकले असावेत. मग बाकावर बसले, वही उघडली, पट्टी लावून ते पान नीट फाडलं आणि माझ्या हातात दिलं. चित्रण पुसायला त्यांना पाव तास लागला, कारण ते कसं पुसायचं हे त्यांना येत नव्हतं आणि ते कुणाला विचारायलाही तयार नव्हते. दोनदा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "तुझी आई माझ्याशी अजून हसून बोलते," एवढंच ते म्हणाले.

राहिले बरोबरचे तेराजण. प्रार्थना त्यांनी आपल्या भाषेत ऐकली होती. विमानतळावर जाताना मी बसमध्ये उभी राहिले आणि हात जोडले. म्हटलं, "मी चुकले. त्या बाईंचं घर जाईल. हे कुठेही बोलू नका, प्रार्थनेतसुद्धा नाही." कुणीतरी मागून म्हणालं, "भोंगा आम्हाला गप्प बसायला सांगतोय." सगळे हसले, मीही हसले. पण चौदाजणांच्या कानावर गेलेली ती गोष्ट बाहेर फुटली नाही. कशी, ते मला अजून उमगलेलं नाही. ज्यांना मी नुसती टी-शर्टवाली पोरं समजत होते, ती माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

पुढच्या रविवारी मंडळीत साक्ष द्यायची होती, म्हणजे यात्रेत देवाने काय केलं ते उभं राहून सांगायचं. एकेक उठत होता, कुणी मुलांबद्दल बोललं, कुणी समुद्राबद्दल. शेवटी सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. भोंग्याची साक्ष म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. आई नेहमीसारखी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसली होती.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी तिथे बटाटे सोलले." आणि बसले.

आधी कुणाला कळेना. मग हशा पिकला. पाळककाकूंनी मागे वळून विचारलं, "बरं वाटत नाही का गं?" काका पुढे उभे होते, ते मात्र हसले नाहीत. त्यांनी घसा साफ करून पुढचं गाणं सांगितलं.

घरी आल्यावर आई रात्रीच्या भाजीची तयारी करत होती. मी समोर बसले आणि न सांगता सुरी घेतली. तिने माझी एक साल उचलली, उजेडाकडे धरली आणि खाली ठेवली.

"एवढ्या लांब जाऊन आलीस," ती म्हणाली, "सांगण्यासारखं काहीच नव्हतं?"

"होतं."

"मग?"

"माझं नाही ते. दुसऱ्या कुणाचं आहे."

आई सोलत राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं ती आणखी विचारेल, आणि विचारलं तर आपण टिकू की नाही याची मला खात्री नव्हती. तिने विचारलं नाही.

ते फाडलेलं पान मी माझ्या पेटीत ठेवलं. शिक्षेची वर्षं संपून कैक वर्षं झाल्यावर मागच्या वर्षी मास्तरीणबाईंचं पत्र आलं. मुलगा सुटून आला, बंदरावर खरंच कामाला लागला, त्याचं लग्नही झालं. स्वयंपाकीणबाई म्हाताऱ्या झाल्या, काम सोडलं, आणि सोडण्याच्या दिवशी जेवणघरात उभं राहून त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. 'त्या सोलणारीला कळव, आता तिने सांगितलं तरी चालेल,' असा त्यांचा निरोप होता. मी पान काढलं आणि तिसऱ्या रकान्यात तारीख घातली.

पण मला सांगायचं आहे ते साक्षीच्या त्या रविवाराबद्दल. बटाटे संपले. आईने साली गोळा केल्या, हात धुतले आणि पदराला पुसले. मग उठून दार लोटून घेतलं, अगदी त्या स्वयंपाकीणबाईंसारखंच, आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"तुझ्या वडिलांबद्दल एक गोष्ट आहे," ती म्हणाली. "अकरा वर्षं कुणाला सांगितली नाही. ऐकशील?"

मी ऐकली. ती काय होती, ते मी कुठल्या वहीत लिहिलं नाही. इथेही लिहिणार नाही.